मानेमागून वजन उचलावे का?

गेल्या पावसाळ्यात शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकांचे आम्हाला पत्र आले. त्यांच्या गावात नवी व्यायामशाळा सुरू झाली आहे. नववी-दहावीची मुले संध्याकाळी तिथे जातात. लोखंडी बार मानेमागे, खांद्यांवर घ्यायचा आणि तिथून सरळ डोक्यावर उचलायचा, असा एक व्यायाम तिथे शिकवतात. सरांनी स्वतः प्रशिक्षण घेतले तेव्हा त्यांनाही तो शिकवला गेला होता. आता एका मुलाने मोबाइलवर पाहून त्यांना सांगितले, की हा व्यायाम अतिशय धोकादायक आहे आणि तो कोणीही करू नये. लगेच दुसऱ्याने दुसरी चित्रफीत दाखवली. तीत एक पिळदार गृहस्थ तोच व्यायाम मजेत करत होते. “मी मुलांना काय सांगू?” असे सरांनी विचारले होते.

‘करा’ किंवा ‘करू नका’ असे एका ओळीचे उत्तर आम्हाला देता आले असते. पण मग सरांच्या हाती तिसरी चित्रफीत दिल्यासारखेच झाले असते. मुलांना आपले उत्तर आपण तपासता यावे असे वाटत असेल, तर खांदा कसा चालतो इथपासूनच सुरुवात करायला हवी.

बशीवरचा चेंडू

पाठ्यपुस्तकात आपण खांद्याचा आणि खुब्याचा सांधा एकाच शीर्षकाखाली शिकवतो: उखळीचा सांधा. खुब्याच्या बाबतीत हे नाव शोभते. मांडीच्या हाडाचे गोल डोके तिथे खरोखरच खोल खळग्यात बसलेले असते. खांद्यात मात्र उखळ शोधून सापडत नाही. तिथे आहे एक उथळ बशी. पाठीवर वरच्या बाजूला जे चपटे त्रिकोणी हाड असते (जुन्या बोलीत त्याला खवाटा म्हणतात), त्याच्या बाहेरच्या कडेला ही बशी असते. दंडाच्या हाडाचे गोल डोके तिला टेकलेले असते आणि त्या डोक्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग एका वेळी बशीला लागून असतो.

म्हणूनच आपला हात पाठ खाजवू शकतो, चेंडू फेकू शकतो आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहू शकतो. पाय असे काही करू शकत नाही. पण या मोकळेपणाची किंमत मोजावी लागते. शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच.

मग चेंडू बशीवरून घसरत का नाही? बशीची कड थोडी उंच करणारी कूर्चेची कडी आहे, सांध्याभोवती बंध आहेत, पण हालचाल चालू असताना खरे काम चार छोट्या स्नायूंचे असते. ते खवाट्यापासून निघतात आणि त्यांच्या कंडरा दंडाच्या डोक्याला पुढून, वरून आणि मागून वेढा घालतात. या चौकडीला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. आरशात दिसतो आणि व्यायामशाळेत ज्याचे कौतुक होते तो खांद्यावरचा गोल स्नायू, म्हणजे डेल्टॉइड, वेगळा.

जमिनीवर आडवी पडलेली लांब शिडी दोघे कशी उभी करतात ते आठवा. एक जण वरचे टोक उचलत पुढे येतो आणि दुसरा खालच्या टोकावर पाय देऊन उभा राहतो. पाय दिला नाही तर शिडी उभी राहण्याऐवजी सरकत जाते. डेल्टॉइड हा उचलणारा गडी आहे. हात खाली असताना त्याची ओढ बरीचशी वरच्या दिशेने असते. तो एकटाच असता तर त्याने दंडाचे डोके बशीवरून वर सरकवले असते. रोटेटर कफ पाय देऊन उभा असतो. डोके बशीत दाबून धरणे हे त्याचे काम. हा दुसरा गडी आकाराने लहान आहे आणि आरशात दिसत नाही, म्हणून व्यायामाच्या वेळापत्रकातही त्याला बहुधा जागा मिळत नाही.

शिवाय बशीसुद्धा स्थिर नसते. वर्गात दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने दुसऱ्याच्या खवाट्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवावे आणि दुसऱ्याने हात बाजूने सावकाश वर न्यावा. सुरुवातीला बोट जागेवर राहील, मग ते टोक बोटाखालून बाहेरच्या दिशेने सरकू लागेल. १९४४ मध्ये इन्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे मोजले. हात पूर्ण वर जाताना होणाऱ्या १८० अंशांच्या हालचालीत साधारण १२० अंश सांध्यात आणि ६० अंश खवाट्याच्या फिरण्यातून मिळतात, असे त्यांना आढळले. माणसागणिक आणि कोनागणिक हे प्रमाण बदलते, पण बशी चेंडूच्या मागोमाग फिरते ही मुख्य गोष्ट आजही कायम आहे. खवाट्याला फिरू दिले नाही तर हात वर जात नाही. पोक काढून, खांदे पुढे पाडून बसा आणि हात वर करून पाहा. मग ताठ बसून तेच करा. फरक सांगायची गरज पडणार नाही.

अंगठा खाली, अंगठा वर

आता आणखी एक प्रयोग. याला काहीही साहित्य लागत नाही. उभे राहा, अंगठा जमिनीकडे राहील असा हात वळवा आणि हात बाजूने वर न्या. बहुतेकांचा हात खांद्याच्या पातळीच्या आसपास अडतो. जोर करू नका. तिथेच हात फिरवून अंगठा आकाशाकडे करा. हात आता सहज कानापर्यंत जातो.

हे असे का होते? दंडाच्या हाडाच्या डोक्याला बाहेरच्या अंगाला एक उंचवटा आहे आणि सांध्याच्या वर खवाट्याचेच एक टोक छपरासारखे पुढे आलेले आहे. (खांद्याच्या माथ्यावरून बोट बाहेर न्या, जिथे हाड संपते ती या छपराची कड.) छप्पर आणि दंडाचे डोके यांच्यामध्ये जागा असते सुमारे एक सेंटिमीटर, आणि तेवढ्यात रोटेटर कफची एक कंडरा आणि एक पातळ निसरडी पिशवी मावलेली असते. अंगठा खाली असताना तो उंचवटा छपराखाली येऊन अडतो. हात बाहेरच्या दिशेने फिरवला की उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते.

या अरुंद जागेवरूनच पुढचे रामायण घडले. न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये असे मांडले, की कंडरा या छपराखाली पुन्हा पुन्हा चिमटली जाते, घासते, सुजते आणि शेवटी फाटते. कल्पना इतकी सोपी आणि चित्र काढून दाखवण्याजोगी होती, की जगभर ती पटकन रुजली. छपराचा थोडा भाग तासून जागा वाढवण्याची शस्त्रक्रिया लाखो रुग्णांवर झाली. व्यायामाच्या पुस्तकांतही तिचा परिणाम दिसू लागला. अंगठा खाली ठेवून हात वर नेणारा कोणताही व्यायाम ‘कंडरा चिमटणारा’ ठरून वर्ज्य यादीत गेला.

पण तपासणी पुढेही चालू राहिली. ब्रिटनमध्ये ३२ रुग्णालयांतील ३१३ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाचे छप्पर तासले, दुसऱ्या गटाच्या खांद्यात दुर्बीण घालून फक्त पाहिले, काही कापले नाही, आणि तिसऱ्या गटावर कोणताच उपचार केला नाही. तासलेल्यांना आणि नुसते पाहिलेल्यांना सारखेच बरे वाटले. उपचार न केलेला गट थोडा मागे होता, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधील चाचणीतही तासण्याचा आणि नुसते पाहण्याचा परिणाम सारखाच निघाला. दुखण्याचे कारण जर खरोखर अपुरी जागा हेच असते, तर जागा वाढवल्यावर मोठा फरक पडायला हवा होता. इतर निरीक्षणेही जमत गेली. कंडरा छपराच्या सर्वांत जवळ येते ती हात खांद्याच्या पातळीला पोचण्याआधीच, आणि साठी उलटलेल्या अनेकांची कंडरा फाटलेली असूनही त्यांना काहीच दुखत नसते.

आज अनेक अभ्यासक ‘चिमटा’ या शब्दाऐवजी भाराची भाषा वापरतात. कंडरेला सवय असेल त्याहून जास्त भार, जास्त वेळा, फार लवकर दिला गेला की ती दुखते. स्नायूची ताकद काही आठवड्यांत वाढते. कंडरेला मात्र त्या भाराशी जुळवून घ्यायला महिने लागतात. म्हणून उत्साही मुलाचा खांदा बहुधा व्यायामशाळेत नाव घातल्यावर पहिल्या आठवड्यात दुखत नाही, दोन-तीन महिन्यांनी दुखतो. तेव्हा स्नायू म्हणतो ‘आणखी घाल’ आणि कंडरा अजून मागेच असते.

तीन व्यायाम

या माहितीच्या आधारे वादातले व्यायाम एकेक करून पाहू.

पहिला, हनुवटीपर्यंत बार ओढण्याचा. दोन्ही हात जवळजवळ धरून बार अंगालगत वर ओढतात, कोपरे खांद्यांच्याही वर जातात. व्यायामशाळेत याला ‘अपराइट रो’ म्हणतात. आपण मघाशी केलेला ‘अंगठा खाली’ प्रयोगच आहे हा, फक्त वजन घेऊन. २०११ मध्ये अमेरिकेतील काही अभ्यासकांनी यावर सुचवले, की कोपरे खांद्याच्या पातळीपर्यंतच न्यावीत. २०१४ मध्ये तिथेच हौशी व्यायामपटूंची पाहणी झाली. हा व्यायाम खांद्याच्या पातळीच्या वर नेऊन करणाऱ्यांमध्ये दुखऱ्या खांद्याची लक्षणे अधिक दिसली. ही सांगड आहे, कारण सिद्ध झालेले नाही, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना या दोहोंतला भेद शिकवायला हे उदाहरण चांगले आहे. आमचे मत विचाराल तर हा व्यायाम विषारी नाही, पण मुलांना तो शिकवण्याचे काही कारणही दिसत नाही. त्यातून मिळते ते सारे दुसऱ्या मार्गाने मिळते. करायचाच असेल तर हात खांद्याइतके लांब धरावेत, आणि कोपरे खांद्याशी आली की थांबावे.

दुसरा व्यायाम, हातात डंबेल घेऊन हात बाजूने वर नेण्याचा. हा मुळात चांगला आहे. पण त्याला एक सूचना जोडली जाते: वर गेल्यावर तांब्यातून पाणी ओतल्यासारखा हात पुढे कलवायचा, म्हणजे अंगठा पुन्हा खाली. या सूचनेला वैद्यकातूनही पाठबळ मिळाले. १९८२ मध्ये जोब आणि मॉइन्स यांनी कंडरेच्या एका स्नायूला वेगळे काम देण्यासाठी अंगठा खाली ठेवून हात उचलण्याची पद्धत सुचवली होती. पुढे स्नायूंमधील विद्युत् संकेत मोजले गेले, तेव्हा अंगठा वर ठेवूनही तो स्नायू तितकेच काम करतो आणि डेल्टॉइडची ढवळाढवळ कमी होते, असे दिसले. तपासणीसाठी डॉक्टर ती जुनी पद्धत अजून वापरतात, ते ठीक आहे. व्यायाम म्हणून मात्र तांब्या उपडा करण्याचे कारण उरलेले नाही. हात थेट बाजूला नेण्याऐवजी ३० अंश पुढे आणा. खवाट्याचे तोंड मुळात तिकडेच असते, त्यामुळे तिथे हात जास्त सहज उठतो.

तिसरा, पत्रातला. बार मानेमागे असतो तेव्हा दंड खांद्याच्या पातळीला, बाहेर फिरवलेला आणि मागे खेचलेला असतो. खांदा पुढच्या बाजूने निखळतो तो बहुतेक याच स्थितीत, आणि एकदा निखळलेला खांदा अजून सैल आहे का हे पाहताना डॉक्टर हात याच स्थितीत नेतात. सांध्याच्या पुढच्या बंधांवर ताण येतो हे उघड आहे. पण चित्राची दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासकांनी दाखवले, की ज्यांच्या खांद्यांची हालचाल पुरेशी आहे आणि धड स्थिर राहते, त्यांच्यासाठी बार पुढून काय किंवा मागून काय, दोन्ही प्रकार सुरक्षित असू शकतात. मागून उचलताना डेल्टॉइडच्या मधल्या-मागच्या भागाला थोडे अधिक काम पडते असेही मोजमापात दिसते. म्हणजे चित्रफितीतले पिळदार गृहस्थ खोटे बोलत नव्हते. त्यांच्या खांद्याला जमते ते समोरच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला जमेल का, एवढाच प्रश्न आहे, आणि तो भिंतीपाशी सुटतो.

भिंतीला पाठ टेकून उभे राहा, टाचा वीतभर पुढे. डोके, पाठ आणि कंबर भिंतीला लागलेली. दोन्ही कोपरे खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा, हात काटकोनात समोर. आता कोपरे न हलवता हात वर फिरवा आणि मनगटाची मागची बाजू भिंतीला लावा. कंबर सुटली किंवा खांद्यात दुखले तर चाचणी जमली नाही असे धरायचे. रिकाम्या हाताने जे जमत नाही ते वीस किलो घेऊन केले, तर ती हालचाल कुठून तरी चोरावी लागते: मान पुढे काढून, कंबर वाकवून, किंवा बंध ताणून.

तालमीतले वस्ताद इथे विचारतील, की मुद्गल फिरवतानाही हात डोक्यामागे जातोच ना? जातो. पण तिथे दोन हात एका लोखंडी दांड्याला बांधलेले नसतात. प्रत्येक हात आपली वाट शोधतो, खवाटा मोकळा फिरतो, आणि नवशिक्याच्या हाती हलकी जोडीच दिली जाते. ब्रिटिशांनी हा व्यायाम इथे पाहिला आणि नेला. १८३४ मध्ये डोनाल्ड वॉकर यांच्या इंग्रजी पुस्तकात तो छापला गेला, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची चक्क स्पर्धा होती. जड जोडी घाईने उचलली तर मुद्गलही खांदा दुखावतोच, हे अर्थात वस्तादांना आम्ही सांगायला नको.

पाच किलोचे सव्वाशे किलो

‘पाच किलो म्हणजे काय, काहीच नाही,’ असे मुले म्हणतात. तरफेचा धडा इथे कामी येतो.

५० किलो वजनाच्या मुलाचा एक हात साधारण अडीच किलोचा असतो. हात आडवा, सरळ धरला तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंमीवर आणि मुठीतले डंबेल ६० सेंमीवर. भाराचे आघूर्ण: ५ × ६० = ३००, अधिक २.५ × ३० = ७५, एकूण ३७५ किलो-सेंमी. ते पेलणाऱ्या डेल्टॉइडची ओढ मात्र सांध्याच्या मध्यापासून सुमारे ३ सेंमीवरच लागते. ३७५ भागिले ३, म्हणजे सुमारे १२५ किलोची ओढ! (इतर स्नायू वाटा उचलतात आणि ३ सेंमी हा आकडा कोनाप्रमाणे बदलतो, म्हणून हे ढोबळ गणित समजावे.) आता कोपर काटकोनात वाकवून हात पुढे केला तर डंबेल खांद्यापासून बाजूला ३० सेंमीवरच राहते आणि ओढ जवळजवळ निम्मी होते. वजन बदलले नाही, फक्त कोपर वाकले. डंबेलवर छापलेला आकडा आणि खांद्यावरचा भार एक नव्हे, हे मुलांना एकदा फळ्यावर मांडून दाखवले तर शेजाऱ्यापेक्षा जड डंबेल उचलण्याची चुरस थोडी तरी उतरेल अशी आम्हाला आशा आहे.

वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, अशी समजूत अनेक पालकांच्या मनात पक्की आहे. तिला आधार सापडलेला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या अहवालातही योग्य पद्धत आणि देखरेख असेल तर असा व्यायाम मुलांना सुरक्षित आणि उपयुक्त मानला आहे. अटी मात्र ‘पद्धत’ आणि ‘देखरेख’ याच आहेत. लहान मुलांना व्यायामशाळेत होणाऱ्या बऱ्याच इजा वजन पायावर पडल्याने किंवा बोट चेमटल्याने होतात, त्यात खांद्याचा काही दोष नसतो.

आम्ही सरांना जे लिहिले ते असे. मुलांना डोक्यावर वजन उचलू द्या, पण दोन सुटी डंबेल घेऊन, कोपरे थोडी अंगापुढे ठेवून. आठवड्याला वजन वाढवण्यापेक्षा आधी आवर्तने वाढवा. जोर आणि बाकावर पडून बार ढकलणे एवढेच मुले रोज करतात. जितके ढकलतील तितके ओढायलाही लावा. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधली की शिडीवर पाय देणाऱ्या त्या दुसऱ्या गड्याचा व्यायाम होतो: कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात ठेवायचे आणि ट्यूब बाहेरच्या दिशेने सावकाश ओढायची. (ट्यूबला चिरा नाहीत ना, हे आधी पाहावे, सुटलेली ट्यूब थेट तोंडावर येते.) व्यायामानंतर स्नायू एक-दोन दिवस ठणकला तर चालते. रात्री झोपमोड करणारे दुखणे, हात वर न जाणे, बोटांना मुंग्या येणे, किंवा पूर्वी खांदा निखळलेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर.

भिंतीची चाचणी तुमच्या वर्गात घेतलीत तर निकाल आम्हाला जरूर कळवा. मुलाचे वय, तो कोणता खेळ खेळतो आणि दिवसातून साधारण किती तास वाकून बसतो, हेही सोबत लिहावे. शिक्षकांनी स्वतःचा निकाल लिहायला विसरू नये.